ट्वायलाइट स्ट्रगल: डबा घ्यावा की ॲप?

मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते, त्यामुळे 'इतिहासाचा खेळ' म्हणून घरात जे काही येतं ते माझ्या नावावर खपतं. यातल्या बहुतेक खेळांत इतिहास म्हणजे वरचा रंग. खरवडला की खाली तीच खरेदी-विक्री, तेच गुण. 'ट्वायलाइट स्ट्रगल'चं तसं नाही. आनंद गुप्ता आणि जेसन मॅथ्यूज यांचा हा शीतयुद्धावरचा बोर्डगेम जीएमटी गेम्सने २००५ मध्ये काढला. बोर्डगेमगीक या बोर्डगेमच्या संकेतस्थळाच्या यादीत तो काही वर्षं पहिल्या क्रमांकावर होता. २०१६ मध्ये त्याची संगणकावरची आवृत्ती आली, पुढे मोबाईलवरही. माझ्याकडे डबा, म्हणजे टेबलावरचा खेळ, आणि ॲप दोन्ही आहेत आणि 'कुठली घेऊ?' हा प्रश्न मला स्टाफरूममध्येही विचारला जातो.

खेळ दोघांचा. एक अमेरिका, एक सोव्हिएत, काळ १९४५ ते १९८९. समोर जगाचा नकाशा असला तरी खरा खेळ पत्त्यांचा. डिलक्स आवृत्तीत ११० पानं. प्रादेशिक गुणांची पानं सोडली तर जवळपास प्रत्येक पानावर एक ते चार यांपैकी आकडा आणि एक घटना: मार्शल प्लॅन, सुएझ, बर्लिनची नाकेबंदी, ब्रेझनेव्ह डॉक्ट्रिन. घटना आपल्या बाजूची असेल तर घटना घडवा किंवा आकड्याइतक्या ताकदीच्या चकत्या नकाशावर लावा. समोरच्याच्या बाजूची असेल तर आकडा तुम्हाला मिळतो, पण घटनाही घडते, त्याच्या फायद्याची. अख्ख्या खेळाची गोम इथे आहे. तुमच्या हातातले बरेच पत्ते शत्रूचे असतात आणि ते कधी, कुठे, किती कमी नुकसानीत जिरवायचे हेच डोकं लढवायचं.

डबा आणि ॲप यांतला फरकही मला इथेच दिसतो. मी अमेरिका, हातात फिडेल कॅस्ट्रोंचं, म्हणजे सोव्हिएतच्या बाजूचं पान. आकडा दोन, मला इराणमध्ये हवाच आहे. पान टाकलं की क्यूबातल्या माझ्या निळ्या चकत्या मीच उचलायच्या आणि तिथे सोव्हिएतची लाल चकतीही मीच ठेवायची. पान मोठ्याने वाचावं लागतं, कारण समोरचा विचारतो, 'काय लिहिलंय?' एकदा हे हाताने केलं की १९५९ सालचा क्यूबा विसरायला होत नाही. ॲपमध्ये बोट टेकवलं की चकत्या आपोआप बदलतात आणि लक्ष पुढच्या पानावर. परवा तर तीन घटना होऊन गेल्यावर मी नोंदी उघडून बघितलं की नक्की घडलं काय.

आणि समोरचं माणूस! आमच्याकडे सोव्हिएत म्हणजे माझे धाकटे दीर, कायमचे. डेफकॉन, म्हणजे अणुयुद्ध किती जवळ आलंय ते दाखवणारा आकडा, पाचापासून खाली येतो. एकवर आला की अणुयुद्ध, आणि ज्याची पाळी चालू असेल तो हरला. डेफकॉन दोनवर असताना सोव्हिएतच्या हातात 'सीआयए'चं पान आलं तर ते जिवंत सुतळी बॉम्बच असतं. टाकलं की अमेरिकेला एका आकड्याची चाल मिळते, ती महत्त्वाच्या देशात उठाव करते, अशा उठावाने डेफकॉन घसरून एकवर येतो आणि पाळी सोव्हिएतची असल्याने हरतो तोच. नकोशी पानं घटना न घडवता टाकायची जागा म्हणजे अंतराळ शर्यत, पण या पानाचा आकडा फक्त एक असल्याने ते तिथेही खपवता येत नाही. भावजी असलं पान हाताच्या डाव्या टोकाला सरकवतात आणि उगाच चहाचं विचारतात. हे कळायला ॲपमध्ये काही सोय नाही.

मथळ्याच्या पानांचं तेच. फेरीच्या सुरुवातीला दोघं एकेक पान पालथं ठेवतात आणि एकदमच उलटतात. त्या क्षणी आमच्याकडे आरडाओरडा होतो. ऑनलाइन सवडीने खेळताना मी सकाळी पान निवडते, समोरचा रात्री कधीतरी, आणि मला सूचना येते तेव्हा मी कुकरच्या शिट्ट्या मोजत असते.

भारताचं सांगायलाच हवं. भारत-पाक युद्धाचं पान कुणीही वापरू शकतं. भारतात सोव्हिएतचा जोर होता म्हणून मी पाकिस्तानकडून हल्ला लावला. 'वहिनी, आपलाच देश आहे हो!' फाशावर चार पडले. पण ब्रह्मदेश भावजींच्या ताब्यात, शेजारी म्हणून एक वजा. उरले तीन, हल्ला फसला. खेळाची नजर ही अशी, वॉशिंग्टन-मॉस्कोची. आपण मधली घरं. शीतयुद्धाचं तर्कशास्त्र खरं धरूनच खेळ बांधलाय, हे रचनाकारांनी नियमपुस्तिकेत स्वतःच सांगितलंय. नासर यांचं पान आहे, सादात यांचं आहे, नेहरूंच्या नावाचं नाही. वर्गात मी याच गोष्टीवर चर्चा घेते.

मग ॲप कशाला? शिकायला. नियम अवघड नाहीत, पण अपवाद फार. कुठे एकाऐवजी दोन मोजायचे, कुठे उठाव चालत नाही, हे ॲप चूक करूच देत नाही. आशियाचे गुण मोजायला आम्हाला कागद लागतो, तिथे ते क्षणात होतं. टेबलावर पूर्ण डाव म्हणजे रविवारची दुपार गेली. संगणकाविरुद्ध त्याहून खूप लवकर उरकतो, पण तो प्रतिस्पर्धी मला कच्चा वाटतो. थोडं जमायला लागलं की त्याला हरवण्यात मजा उरत नाही. पैशाचं म्हणाल तर डबा परदेशातून मागवायचा म्हणजे वाहतूक आणि सीमाशुल्क धरून हजारांचा मामला, ॲप त्यामानाने किरकोळ. घरात खेळायला ठरलेला जोडीदार नसेल तर डबा घेऊच नका, कपाटात पडेल. जोडीदार असेल तर दोघांनी ॲपवर नियम घोटवावेत आणि मग डबा आणावा. पत्त्यांना प्लास्टिकची कव्हरं घाला, पावसाळ्यात कडा फुगतात.

'थ्रू द एजेस'ला मात्र हा हिशेब लागू नाही. व्लादा ख्वातिलचा तो खेळ अख्ख्या संस्कृती उभ्या करण्याचा. पानं सुरेख आहेत. अॅरिस्टॉटल, नेपोलियन, शेवटच्या युगात गांधीजीसुद्धा, आणि ते ज्याच्याकडे असतील त्याच्यावर हल्ला करायचा तर दुप्पट लष्करी कृती मोजाव्या लागतात. पण टेबलावर दर पाळीला धान्य, खनिज, भ्रष्टाचार यांचे इवलेसे ठोकळे इकडून तिकडे सरकवा, आणि एक विसरलात तर हिशेब गेला. २०१७ ची डिजिटल आवृत्ती हे सगळं स्वतः करते आणि तिथला संगणक घाम फोडतो. त्या खेळाचा डबा आमच्याकडे आहे, पण मी अजून कुणाला घ्यायला सांगितलेला नाही.