चार बीएलडीसी पंखे, चौदा महिने आणि एक रिमोट

गेल्या वर्षी गुढीपाडव्याला घरातले चारही पंखे बदलून बीएलडीसी, म्हणजे डीसी विजेवर फिरणाऱ्या मोटरचे, कमी वीज खाणारे पंखे लावले. त्यातला आई-अण्णांच्या खोलीतला पंखा यंदाच्या मे महिन्यात, वळवाच्या पहिल्याच पावसात बसला. वीज कडाडली, लाइट गेली, वीस मिनिटांनी आली, आणि पंखा काही हलेना. जळगावात मे महिन्याच्या रात्री पंखा नसणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्यात आमचं घर शेवटच्या मजल्यावर. रात्री दहालासुद्धा गच्चीवर अनवाणी जाता येत नाही, त्या स्लॅबखाली आम्ही झोपतो.

कंपनीचं नाव लिहीत नाही. वॅट, स्टार, पात्याची लांबी ही माहिती खोक्यावर असतेच. खोक्यावर जे नसतं ते लिहितो.

आधी रिमोट. या पंख्यांना भिंतीवरचा रेग्युलेटर चालत नाही, तो काढून तार थेट जोडावी लागते. म्हणजे वेग कमी-जास्त करायला रिमोटच. आमच्या हॉलमध्ये दोन पंखे आहेत आणि रिमोट कुठलाही उचला, दोन्ही पंखे एकदमच ऐकतात. अण्णा आरामखुर्चीत, त्यांना पाच नंबर हवा. आई देवघरासमोर समई लावून बसलेली, तिला दोन नंबरही जास्त. अण्णांनी बटण दाबलं की ‘टुक’ असा आवाज होतो आणि तिकडे समई विझते. आईने मागची बाजू हाताने झाकून, तिरका धरून, एकदा तर पदराखाली घेऊन रिमोट वापरून पाहिला. शेवटी तिने समईच जागेवरून हलवली. तीस वर्षांची जागा! आता हे तीन हजारांच्या पंख्यात आधी कुणाला सुचू नये?

शिवाय हा रिमोट बोटभर. गादीखाली जातो, वर्तमानपत्राच्या रद्दीत जातो, एकदा धुणं वाळत घालताना उशीच्या अभ्र्यातून निघाला. शेवटी मी त्याला नाडा बांधून स्विचबोर्डाच्या खिळ्याला लटकवला. पाहुणे आले की हसतात.

दुसरी तक्रार आणखी विचित्र. पंखा मनाने वेग बदलायचा. रात्री पाचवर लावून झोपावं तर पहाटे एकवर, घामाने उशी ओली. मला वाटायचं अण्णा उठून कमी करतात. अण्णांना वाटायचं मी बिलासाठी करतो. यावरून घरात दोन-तीनदा चांगलं वाजलं आहे.

आता बिलाचं. इथे मात्र मला तोंड नाही. जुना पंखा ७५ वॅट घ्यायचा, हा पूर्ण वेगात ३० च्या आसपास, आणि एक नंबरवर तर पाच-सहा वॅट. चार पंख्यांचे मिळून दिवसाला ४० तास धरले तर रोज १.८ युनिट वाचतं, महिन्याला ५४. पंखे घेण्याआधीच्या मे महिन्यात आमचं बिल ३४१ युनिटचं होतं, यंदाच्या मेमध्ये २८८. म्हणजे हिशेब जवळपास बरोबर निघाला, आणि वाचली ती ३०० च्या वरची, महागड्या टप्प्यातली युनिटं आधी वाचली. इन्व्हर्टरवरही फरक कळतो. पूर्वी तीन तासांत शिट्टी मारणारी बॅटरी आता रात्र काढते.

पण खर्च? २,९०० च्या हिशेबाने चार पंख्यांचे ११,६०० गेले. युनिटमागे दहा रुपये आणि वापराचे आठ महिने धरले तर वर्षाला चार हजारांच्या थोडं वर सुटतात. म्हणजे पैसे वसूल व्हायला पावणेतीन वर्षं. वॉरंटी दोन वर्षांची! आणि मी चालते पंखे उतरवून हे लावले, ही गोष्ट मला अजून डाचते. ते जुने पंखे पंचवीस वर्षं फिरले. मंद झाले की आमचा वायरमन सत्तर-ऐंशी रुपयांचा कॅपॅसिटर बदलायचा आणि चहा पिऊन जायचा.

या वेळीही आधी त्यालाच बोलावलं. तो शिडीवर चढला, वाटी खाली सरकवून आत पाहिलं आणि तसाच उतरला. म्हणाला, “काका, ह्यात आपलं काम नाही. ह्यात लाइटीचं डीसी करणारं सर्किट आहे, ते उडालंय. मी उघडला तर तुमची वॉरंटी जाईल.” चहा पिऊन गेला.

मग कंपनीचा हेल्पलाइन नंबर. पहिल्या दिवशी तक्रार क्रमांक मिळाला. तिसऱ्या दिवशी ‘तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे’ असा मेसेज आला. पंखा तसाच लटकलेला. पुन्हा फोन, पुन्हा नवा क्रमांक, पुन्हा बिलाचा फोटो. असे नऊ दिवस गेले.

त्या नऊ दिवसांसाठी शेतावरचा टेबलफॅन आणला. हा आमच्याकडे उफणणीला असतो. वाऱ्याचा भरवसा नसला की त्याच्यासमोर गहू सोडायचा. मी न झटकताच चालू केला आणि तीन नंबरवर जाताच जाळीतला दोन हंगामांचा भुसा अण्णांच्या चादरीवर आला. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसला. आईने कपाटातून वाळ्याचा विंझणा काढला, पाण्यात बुडवला आणि म्हणाली, “ह्याला रिमोट लागत नाही.” (पुतण्याने तेवढ्यात माहिती पुरवली की इंग्रजीतला ‘फॅन’ हा शब्दच मुळात लॅटिनमधल्या धान्य पाखडायच्या टोपलीवरून आलाय. म्हणजे सूपच की! चाहता या अर्थाचा फॅन वेगळा, तो ‘फॅनॅटिक’ कापून केलेला. त्या आठवड्यात आम्ही त्या कंपनीचे दोन्ही अर्थांनी फॅन नव्हतो.)

दहाव्या दिवशी कंपनीचा मुलगा आला. विशीतला, पाठीवर सॅक. पंधरा मिनिटांत पीसीबी, म्हणजे आतली सर्किटची पट्टी, बदलली, एक पैसा घेतला नाही. वॉरंटी संपली की हीच नऊशेला पडेल म्हणाला. त्या खोलीचा रिमोटही मेला होता, तो मात्र वॉरंटीत नाही, नवा साडेतीनशेला. मी तिथेच हुज्जत घालायला सुरुवात केली. चौदा महिन्यांचं सगळं बाहेर काढलं. समई, नाडा, उशीचा अभ्रा.

तो शांतपणे स्विचबोर्डाजवळ गेला. बटण बंद करून लगेच चालू केलं. पंखा एकाने उतरला. पुन्हा टक-टक, आणखी एकाने.

“काका, रिमोट कशाला? ह्याचा वेग बटणानेच बदलतो. बुकलेटात आहे.”

बुकलेट मी बिलासोबत फाइलला लावून ठेवलं होतं. पान सहा.

आणि मग दुसरी गोष्ट आपोआप उलगडली. आमच्याकडे रात्री लाइट लुकलुकते. एक सेकंद जाते, येते. पंख्याला वाटतं कुणी बटण दाबलं, तो एक पायरी खाली येतो. पहाटेपर्यंत पाचाचा एक. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मी अण्णांकडे. हा दोष मात्र आहे तसाच आहे, मुलाने त्यावर “लाइट सुधारली पाहिजे” एवढंच सांगितलं.

तरी हॉलची भानगड मिटली. दोन पंखे, दोन बटणं, ज्याचा त्याचा वेग. समई जुन्या जागी गेली. साडेतीनशेचा रिमोट मी घेतला नाही. उरलेल्या तिघांमधले सेल काढून टीव्हीच्या रिमोटसाठी ठेवलेत आणि नाडा आईने परत मागून घेतला.