कॅम्परमधला छोटा प्रोपेन हीटर: ऊब उत्तम, पण हवा खेळती हवी

ताशी 4,000 आणि 9,000 बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) अशा दोन टप्प्यांवर चालणारा हा हीटर कॅम्परसारख्या, म्हणजे झोपण्या-राहण्याची सोय असलेल्या गाडीसारख्या, लहान जागेला पुरेपूर ऊब देतो. वरचा टप्पा गाडी थंडगार असताना सुरुवातीची काही मिनिटेच लागतो. तो पेटवणे सोपे आहे आणि चुकून कलंडला तर गॅस आपोआप बंद होतो.

मात्र त्याला धुराडे नाही. जळण्यासाठी लागणारा प्राणवायू तो आतल्याच हवेतून घेतो आणि ज्वलनातून निघणारे वायू व वाफ आतच सोडतो. खालच्या टप्प्यावर तासाला सुमारे 85 ग्रॅम प्रोपेन जळतो आणि त्यातून जवळजवळ 140 ग्रॅम पाणी तयार होते, म्हणूनच काचा इतक्या लवकर ओघळू लागतात. 10 घनमीटरच्या पूर्ण बंद कॅम्परमध्ये प्राणवायू 21 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर यायला दीड तासही लागत नाही. साधारण त्याच पातळीला हीटरमधला सेन्सर गॅस तोडतो, आणि ही सोय खरोखर मोलाची आहे; परंतु तो सेन्सर कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही, आणि बर्नरमध्ये धूळ किंवा कोळ्याची जाळी अडकली असेल तर प्राणवायू भरपूर असतानाही हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

त्यामुळे छतावरचा झरोका आणि खालच्या बाजूची एखादी खिडकी, दोन्ही थोडी उघडी हवीत, कारण एकाच फटीतून हवा नीट खेळत नाही. टिश्यू पेपरची पातळ पट्टी खिडकीच्या फटीशी धरली असता ती आत ओढली जाते आणि झरोक्यापाशी बाहेर, तेव्हाच हवा योग्य दिशेने वाहत आहे असे समजावे. यात थोडी ऊब वाया जाते, ती जाऊ द्यावी. फटी किती मोठ्या हव्यात, हे हीटरसोबतच्या माहितीपुस्तिकेतच पाहावे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपण्याच्या उंचीवर लावावा. गॅसगळतीचा मात्र जमिनीलगत, कारण प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असतो.

संध्याकाळी आणि पहाटे, आपण जागे असताना वापरण्यासाठी मी हा हीटर निःसंकोचपणे सुचवेन. झोपताना तो बंदच करावा. रात्रभर ऊब हवी असल्यास बाहेरूनच हवा घेऊन धूरही बाहेरच सोडणारा बंदिस्त ज्वलनाचा हीटर घ्यावा, जरी तो महाग पडत असला आणि त्यासाठी गाडीला भोक पाडावे लागत असले तरी.