गृहकर्जाच्या सह्या करताना कुणी ‘तंबाखू खाता का?’ विचारलं तर पेन खाली ठेवा

सांगलीत १०० फुटी रस्त्याजवळ फ्लॅट घेतला. करार ३५,००,००० चा, कर्ज २८,००,०००. आमच्या घरात बँकेचं कर्ज काढून घर घेणारा मी पहिलाच, त्यामुळे ‘सगळं मी बघतो’ म्हणणारा कर्जाचा एजंट भेटल्यावर बरंच वाटलं. या एजंटांना कमिशन बँकच देते, गिऱ्हाइकाने काही द्यायचं नसतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. मला कुणी सांगितलं नव्हतं. ‘फाईल चार्ज’ म्हणून त्याने ३८,००० रोख घेतले, पावती नाही. बँकेची प्रोसेसिंग फी ११,८०० वेगळी, ती खात्यातून गेली. रोख मागितली की तिथंच उठा.

ते ३८,००० मी गिळलेही असते. पण कर्जाचं स्टेटमेंट काढलं तर मुद्दल २९,४२,०००! वरचे १,४२,००० कसले? तर विम्याचा एकरकमी प्रीमियम. मी न मागितलेला विमा, त्याचे पैसे परस्पर कर्जात घातलेले, आणि त्यावर २० वर्षं ९ टक्क्यांनी व्याज. हप्ता २५,१९२ ऐवजी २६,४७०. महिन्याला १,२७८ जादा, म्हणजे २४० हप्त्यांत ३,०६,७२०.

आता जे आठवलं की अजून डोकं भणभणतं ते सांगतो. सह्यांच्या दिवशी एजंट पानं उलटत होता आणि मध्येच म्हणाला, “दादा, उंची-वजन सांगा. तंबाखू, सिगारेट काही? नॉमिनी वहिनींनाच करू ना?” अहो, घराच्या कर्जाला माझं वजन कशाला? कर्जाला कधी नॉमिनी असतो? ते प्रश्न त्या विम्याच्या फॉर्मचे होते! मी वर हसून म्हणालो, “तंबाखू लग्नातच सुटली की हो!” बायकोही हसली. एजंट सगळ्यात जास्त हसला.

पण माझी अवस्था बघा. पदरचे ७,००,०००, मुद्रांक शुल्क २,१०,००० आणि नोंदणीचे ३०,००० भरून झालेले, बिल्डरचा रोज फोन. अशा वेळी तो इंग्रजी गठ्ठा कोण वाचतो? १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या गृहकर्जाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्चांचा गोषवारा) द्यायचं बंधन आहे, तेही आपल्याला समजेल अशा भाषेत. विम्यासकट सगळे खर्च त्यात दिसले पाहिजेत. माझं त्या गठ्ठ्यात मधेच कुठंतरी, इंग्रजीत. ते आधी मागा, घरी आणा, मगच सही.

शाखेत विचारलं तर, “सही तुमचीच आहे ना?” कर्जाबरोबर विमा सक्तीचा नाही हे साहेबांना मान्य, पण सही म्हणजे संमती! विमा कंपनी म्हणते पॉलिसी ईमेलवर पोचली, ती परत करायची ३० दिवसांची ‘फ्री लूक’ मुदत संपली. तो ईमेल एजंटनेच उघडलेला, पासवर्ड त्याच्याकडे. (स्वतःचाच ईमेल द्या, मुलाचा द्या, पण एजंटला उघडू देऊ नका.) पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, “हे दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जावा.” तक्रार अर्जच घेईनात. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं तर आधी बँकेला लेखी तक्रार द्यावी लागते आणि ३० दिवस वाट बघावी लागते. तेही केलं, तर शाखा अर्जावर पोच द्यायला तयार नाही! साहेब मीटिंगला, साहेब रजेवर, शिक्का कपाटात आणि किल्ली साहेबांकडे. पोच नाही तर ३० दिवस मोजायचे कुठून? शेवटी स्पीड पोस्टाने पाठवला. तुम्ही पहिल्यापासून पोस्टानेच पाठवा, काउंटरवर वेळ घालवू नका.

एजंटने माझा नंबर ब्लॉक केलाय. स्टेटसला मात्र ‘झिरो टेन्शन होम लोन’ चालूच, असं मेहुणा सांगतो.

ज्यांचं कर्ज नुकतंच झालंय त्यांनी आजच स्टेटमेंट काढून मुद्दल मंजुरीपत्राशी ताडून बघा. जादा दिसलं आणि पॉलिसी मिळून ३० दिवस झाले नसतील तर विमा कंपनीला लेखी कळवून ती रद्द करा. आणि परत आलेले पैसे कर्जखात्यातच जमा झाले का, तेही बघा.