तपकीर गल्लीत बॅटरी घ्यायला जाताय? आधी हे वाचा

बुधवार पेठेतली तपकीर गल्ली म्हटलं की लोकांना लाईटच्या माळा, स्विच आणि वायरीच आठवतात, पण बॅटऱ्या आणि सेलसाठी पुण्यात याहून भरवशाची जागा मला तरी माहीत नाही. बंद पडलेली वस्तू टाकून द्यायची की अजून चालेल हे इथे काउंटरवर उभ्या उभ्या कळतं, फक्त एकच अट, त्या वस्तूची बॅटरी आपल्या हाताने निघायला पाहिजे.

मी जातो ते दुकान अगदी चिंचोळं आहे, दोन माणसं उभी राहिली की तिसरा बाहेर. दुकानाचे मालक, आम्ही त्यांना काका म्हणतो, स्वतः काउंटरवर असतात. आईचा छोटा एफएम रेडिओ चार्ज करून तासाभरात मान टाकायला लागला म्हणून घेऊन गेलो होतो. काकांनी मागचं झाकण उघडलं, बॅटरी काढली, काचेवर आडवी ठेवली आणि बोटाने टिचकी मारली, तर ती गोल फिरली! चांगली बॅटरी सपाट असते त्यामुळे जागेवर घासत थांबते, फुगलेली मध्यभागावर टेकते म्हणून फिरते. नुसत्या डोळ्यांना ती फुगलेली दिसतही नव्हती. काका म्हणाले, "ही आता चार्जिंगला लावू नका, आईंना सांगा." नवीन टाकली, तिथेच आकाशवाणी लावून दाखवली, काम झालं.

ती बॅटरी म्हणजे बीएल-५सी. मूळची नोकियाची, २००३ साली आलेल्या ११०० मॉडेलमध्ये हीच होती. ते फोन कधीच गेले पण बॅटरी टिकून राहिली कारण रेडिओ, भजनाचे स्पीकर वगैरे बनवणाऱ्या कित्येक कंपन्यांनी तोच साईज उचलला. मला वाटतं खरा मुद्दा इथेच आहे. नुसतं झाकण उघडून उपयोग नाही, आत जी बॅटरी आहे ती पाच वर्षांनी बाजारात मिळाली पाहिजे. काही वस्तूंना झाकण असतं पण आत कंपनीचा असा खास साईज असतो की तो कुठेच मिळत नाही, मग काकाही हात वर करतात.

आता हेडटॉर्चचं, म्हणजे डोक्याला बांधायच्या टॉर्चचं सांगतो, ट्रेकवाल्यांनी नीट वाचा. आमच्या ग्रुपमध्ये बरेच जण १८६५० सेलवाला हेडटॉर्च वापरतात, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा लिथियम सेल. कात्रज ते सिंहगड रात्री करायचा असेल तर एक सेल टॉर्चमध्ये, एक सॅकमध्ये, मधल्या कुठल्याही टेकडीवर अंधारात बदलता येतो. सीलबंद टॉर्च असेल तर पॉवर बँक आणि वायर लटकवत चालावं लागतं. एका मित्राने ऑनलाईन स्वस्तात सेल मागवले होते, वर छापलेलं ९९०० एमएएच, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो तो आकडा. काकांनी हातात घेतल्या घेतल्या सांगितलं की हे खोटं आहे, कारण या साईजचे चांगल्यातले चांगले सेलसुद्धा ३५०० च्या आसपासच असतात. मग वजनकाट्यावर ठेवून दाखवला. चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, हा त्याच्या जवळपासही नव्हता. आणि अजून एक, काही टॉर्चना वर टोक आलेला सेल लागतो, सपाट डोक्याचा घातला तर टेकतच नाही. म्हणून टॉर्च सोबत घेऊन जा, नुसता फोटो दाखवून काका सेल देत नाहीत आणि ते बरोबरच आहे.

फोनच्या बाबतीत मात्र ही गल्लीसुद्धा फार काही करू शकत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. आताचे बहुतेक फोन सीलबंद, म्हणजे हीट देऊन मागची काच सोडवायची, खालचा गोंद ओढून काढायचा, त्यात बॅटरीला हत्याराचं टोक लागलं तर आग लागू शकते, म्हणजे ते रिपेअरवाल्याचंच काम झालं. वॉटरप्रूफ हवा तर सीलबंदच लागतो असं सगळीकडे सांगतात पण २०१४ च्या सॅमसंग गॅलॅक्सी एस ५ चं मागचं झाकण नखाने निघायचं आणि त्याला आयपी ६७, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचं रेटिंगही होतं. आणि बॅटरीतच दोष निघाला तर? २००७ मध्ये नोकियाच्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्जिंगमध्ये जास्त तापू शकतात असं निघालं, तेव्हा कंपनीने फक्त बॅटरी बदलून द्यायची तयारी दाखवली, फोन लोकांकडेच राहिले. २०१६ ला सॅमसंगच्याच नोट ७ फोनच्या बॅटऱ्या पेटायला लागल्या, ती बॅटरी आत बंद, त्यामुळे अख्खे फोन परत घ्यावे लागले. केवढा फरक आहे बघा!

युरोपियन युनियनने २०२३ मध्ये यावर कायदा केलाय, १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांच्या बॅटऱ्या साध्या हत्याराने ग्राहकाला स्वतः काढता आल्या पाहिजेत, फोनसाठी आणि पाण्यातल्या वस्तूंसाठी थोडी वेगळी सूट आहे. त्यातली मला सगळ्यात आवडलेली अट म्हणजे मॉडेल बंद झाल्यावरही पाच वर्षं सुटी बॅटरी मिळायला हवी. आपल्याकडे २०२२ चे बॅटरी कचऱ्याचे नियम आहेत, जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी त्यात कंपन्यांवर टाकलीय, पण वस्तू उघडता आली पाहिजे अशी अट आपल्याकडेही पाहिजेच पाहिजे.

बाकी गल्लीबद्दल, गाडी घेऊन आत शिरू नका, मेट्रोने मंडई स्टेशनला उतरा आणि चालत या. गर्दीच्या दिवसांत, खास करून गणपती-दिवाळीच्या आधी, काकांना बोलायलाही वेळ नसतो त्यामुळे आठवड्यातल्या साध्या दिवशी सकाळी जा. भाव ऑनलाईनपेक्षा थोडा जास्त पडतो पण समोर मीटर लावून दाखवतात, तो थोडा जास्त पैसा मी आनंदाने देतो. बिल मागून घ्या आणि त्यावर बॅटरीचा नंबर लिहून घ्या, पुढच्या वेळी तोच सांगायचा. जुनी फुगलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात अजिबात टाकू नका, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यातच द्या.