मच्छर मारायची मशीन: होळीला घेतली, दसऱ्याला लिहायलो

कस्टमर केअरसोबत परत एकदा वाजलं म्हणून लिहायला बसलो. मशीन तुम्हाला माहीतच आहे, निळ्या लाइटची, हुकाला टांगायची, आत करंटची जाळी अन् खाली ट्रे. वॅट बिट बॉक्सवर वाचून घ्या. मी ट्रेबद्दल सांगतो, कारण घ्यायच्या आधी मी जेवढे रिव्ह्यू वाचले त्यात ट्रेबद्दल एकानं पण लिहिलेलं नव्हतं.

मेलेले किडे ट्रेत पडतात. अन् तो ट्रे लटकतो कशावर तर प्लास्टिकच्या दोन खटक्यांवर, नखाएवढ्या. ट्रे साफ करायला रोज काढायचा, रोज बसवायचा, म्हणजे सगळा जोर त्या नखावर. पोळ्याच्या सुमारास एक खटका गेला. आता ट्रे तिरपा लोंबतो, वारं आलं की मेलेले पतंग खाली, अन् खाली जाईच्या कळ्या तोडायलेली आमची आई. तिनं काय काय ऐकवलं ते इथं टाइप करता येत नाही.

केअरला फोन लावला. "सर, ट्रे अलग से नहीं आता, पूरा यूनिट लेना पड़ेगा." वॉरंटी एक वर्षाची, पण प्लास्टिक त्यात धरत नाहीत. सर्व्हिस सेंटर संभाजीनगरला, तिथं पाठवायची तर आपल्या खर्चानं अन् तेही मूळ खोक्यातच. त्या खोक्यात बायकोनं दिवाळीच्या पणत्या भरून माळ्यावर टाकलेत. १,८९९ रुपयाच्या मशीनचा जीव वीस रुपयाच्या प्लास्टिकात अडकलाय अन् ते प्लास्टिक जगात कुठं विकायलाच नाही. आमच्या लातूरच्या गंजगोलाई बाजारात सोळाही रस्त्यांवर विचारलं, त्या मापाचं काही मिळालं नाही. शेवटी बाइंडिंग तारेनं आवळला. आता पडत नाही, पण निघतही नाही, मशीन बंद करून अख्खी उलटी करून झटकावी लागते.

बरं, ट्रेच्या नादात असल्यामुळं ट्रेत काय पडतंय ते पण नीट बघायला लागलो. सुरुवातीला खुश होतो. संध्याकाळी परसात चहा घेऊन बसलं की चट्ट, चट्ट आवाज, वाटायचं गेला एक मच्छर. अन् तरी पायाला चावायलेतच! ट्रेत बघावं तर पतंग, तुडतुडे, बारीक भुंगे, पंखवाल्या मुंग्या. मच्छर शोधावा लागतो. भिंतीवरची पाल मात्र मशीनशेजारी मुक्कामाला आली, निळ्या लाइटवर येणारे किडे तिथल्या तिथं मटकावते, सगळ्यात जास्त फायदा तिचा.

मग जरा वाचलं. चावते ती फक्त मादी, तिला रक्त पाहिजे अंड्यासाठी, अन् ती माणूस हुडकते आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, घामाच्या वासावरून, अंगाच्या गरमीवरून. निळ्या लाइटचं तिला विशेष काही नाही. आपण तिथं बसलेलो असताना ती लाइटकडं कामून जाईल? अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठाच्या फ्रिक अन् टॅलमी यांनी असल्याच मशीनमधले मेलेले किडे मोजले होते, १९९६ साली छापून आलं. एकूण १३,७८९ किडे, त्यात चावणारे ३१. एकतीस! हा आकडा बॉक्सवर छापा म्हणावं.

अपडेट: वरचं सगळं खरं, पण जूनमधली एक गोष्ट सांगायची राहिली, ती मशीनच्या बाजूनं आहे. पहिला दणक्याचा पाऊस झाला अन् त्या रात्री ट्रे काठोकाठ भरला, तपकिरी जाड भुंगेरे, सगळे एकसारखे. (तेव्हा खटके शाबूत होते.) फोटो दाजीला पाठवला, रेणापूरकडं ऊस आहे त्यांचा. म्हणाले, हे तर हुमणीचे. पहिल्या पावसावर जमिनीतून निघतात, अंधार पडता पडता लिंबावर, बाभळीवर पाला खायला जमतात, मग मातीत अंडी घालतात अन् पुढं अळी उसाच्या मुळ्या खाते. आमच्या कंपाउंडच्या बाहेर मोठा लिंब आहेच. मला वाटलं चला, पैसे वसूल, मशीन दाजीला विकू अर्ध्या किमतीत. तर ते हसले. "टोपल्यात पाणी घालायचं, वर थोडं रॉकेल, त्याच्यावर बल्ब टांगायचा, संध्याकाळी दोन-तीन तास. तुझ्या मशीनला पाऊस लागला तर करंट कुणाला बसायचा?" विषय संपला.

आता मच्छर कशानं कमी झाले ते सांगतो. घरातला जुना टेबल फॅन. लाइट गेलती, आली तेव्हा गरमीमुळं फॅन बाहेर काढला अन् पायाकडं तोंड करून लावला, सहज. अर्धा तास झाला तरी खाजवलं नाही तेव्हा लक्षात आलं. मच्छर उडायला लई कच्चा असतो, वाऱ्यात टिकत नाही, वरून आपल्या श्वासाचा अन् घामाचा वास पण वाऱ्यानं पांगतो. फक्त फॅन खाली पायाकडं ठेवा, तोंडावर ठेवला तर पोटऱ्या फोडून काढतात. अन् वायर ओल्या मातीत लोळू देऊ नका.

दुसरं काम पाण्याचं. हे लातूरमध्ये सांगायला सोपं, करायला अवघड. आमच्याकडं नळ रोज येत नाही, अन् २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितल्यापासून आई एक तांब्या पण रिकामा ठेवत नाही. टाकी, ड्रम, घागरी, सगळं भरलेलं. पांढऱ्या पट्ट्यांचा डेंग्यूवाला मच्छर असल्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो अन् आठ-दहा दिवसात उडायला तयार. तो चावतो पण दिवसा, म्हणजे मशीन चालूच नसते तेव्हा. आईला "पाणी ओत" म्हणायची हिंमत नाही, म्हणून ड्रमवर जुन्या धोतराचं कापड दोरीनं घट्ट बांधलं. कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाकल्या. कुलरचं पाणी पावसाळ्यात तसंच पडून होतं, त्यात वळवळणाऱ्या अळ्या मीच बघितल्या, ओतून टाकी घासून काढली, कारण अंडी कडेला चिकटून कोरडी पण महिनोन्महिने जगतात, नुसतं ओतून भागत नाही. सकाळी झाडांना पाणी घालताना हातापायाला ओडोमॉस.

लिंबाच्या पाल्याचा धूर पण करून बघितला, मच्छर कमी झाले का ते कळलं नाही कारण डोळेच उघडत नव्हते. गवती चहाच्या कुंड्या बायकोनं लावल्यात, चहाला बऱ्या आहेत.

दोन स्टार. एक हुमणीसाठी, एक निळा लाइट गणपतीत बरा दिसला म्हणून. फॅन साधारण ५५ वॅटचा, रोज दोन तास लावला तरी महिन्याला साडेतीन युनिटच्या आत. ह्या कंपनीच्या मशीनचा बंद पडलेला पीस कुणाकडं असेल तर मशीन तुमच्याकडंच ठेवा, नुसता ट्रे द्या, लातूरला येऊन जायचा कुरियर खर्च मी देतो.