मिगच्या हेल्मेटचे अठ्ठ्याहत्तर हजार

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ला निरोप दिला, त्या दिवशी मी दुकान बंद ठेवून टीव्हीपुढं बसलो होतो. बाबा नाशिकजवळच्या ओझरला, मिग बनवणाऱ्या कारखान्यात फिटर होते. आमच्या घरात ‘विमान’ हा शब्द नव्हताच, ‘मिग’ होता. डोक्यावरून मिग गेलं की छपराचे पत्रे थरथरायचे आणि आई म्हणायची, “आलं बघ तुझ्या बाबांचं.” बाबा जाऊन सहा वर्षं झाली. त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं, आणि फसवणुकीची सुरुवात तिथंच झाली असं मला आता वाटतं.

वैमानिकांची जुनी हेल्मेटं जमवायचा नाद मला दहाएक वर्षांपासून आहे. फार नाहीत, पाच-सहाच. मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर घासाघीस करून घेतलेली चामड्याची ब्रिटिश टोपी, गळ्याला बांधायच्या मायक्रोफोनसकट एक सोव्हिएत टोपी, असं काहीबाही. मिग-२१चं पांढरं गोल प्रेशर हेल्मेट मात्र नव्हतं. निरोपाच्या दुसऱ्या दिवशी संग्राहकांच्या एका व्हॉट्सॲप गटावर मी भावनेच्या भरात लिहिलं: बाबा ओझरला होते, त्यांच्या आठवणीसाठी मिगचं हेल्मेट हवंय, शक्यतो आपल्या हवाई दलातलं, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

हे शेवटचं वाक्य मी स्वतःच्या हातानं टाइप केलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

बारा दिवसांनी फोन आला. बोलणं अगदी घरच्यासारखं. “काका, खरं तर ही वस्तू विकायची नाहीये. पण तुमच्यासारख्या माणसाच्या घरात गेली तर त्यांच्या आत्म्याला बरं वाटेल.” पुण्यातल्या एका दिवंगत अधिकाऱ्याचं हेल्मेट, म्हणे. बांगलादेशच्या युद्धात, १४ डिसेंबर १९७१ ला, ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर, म्हणजे तिथल्या गव्हर्नरच्या निवासावर, हल्ल्याला जी मिगं गेली, त्यातल्या एका वैमानिकाच्या डोक्यावर हेच होतं. आणि त्यानं सगळी गोष्ट सांगितली. गुवाहाटीहून हवाई दलाच्या २८ स्क्वाड्रनची, म्हणजे तुकडीची, चार विमानं, पुढं विंग कमांडर बिष्णोई, ऐनवेळी बदललेलं लक्ष्य, पर्यटकांच्या नकाशावर शोधलेली इमारत, घुमटावर सोडलेली रॉकेट्स. माझ्या अंगावर काटा आला. यातलं सगळं कित्येकदा छापून आलेलं आहे हे मलाही माहीत होतं. त्याची स्वतःची भर म्हणजे फक्त ते हेल्मेट.

शेवटी म्हणाला, “काका, ते विमान ओझरला बनलेलं होतं. कुणी सांगावं, बाबांचा हात लागला असेल.”

पुरावा म्हणून लॉगबुकच्या, म्हणजे वैमानिकाच्या उड्डाणांच्या नोंदवहीच्या, पानाची झेरॉक्स आली. नाव काळं केलेलं, कारण ‘घरच्यांना प्रसिद्धी नको’. दिल्लीचा एक जण नव्वद द्यायला तयार होता, पण माझ्यासाठी अठ्ठ्याहत्तर. आधी तीस पाठवले, बाकीचे कुरिअर निघाल्यावर.

पेटी आली. हेल्मेट देखणं होतं. पांढरं कवच, पुढं मोठी काच, मानेशी धातूचं कडं, बाजूला स्क्वाड्रनचं चिन्ह. ते काउंटरवर ठेवून, शेजारी उभं राहून मी हसत फोटो काढला आणि विक्रेत्याला पाठवला. या फोटोचं पुढं येईलच.

बाबांच्या खात्यातले एक काका अजून आमच्या गल्लीत राहतात, वय ब्याऐंशी. त्यांना मोठ्या हौसेनं दाखवलं. त्यांनी ते उचललं, काचेची खिटी दोनदा उघडली-लावली, आणि विचारलं, “हे घालून ढाक्याला?”

“हो.”

“नदीत पोहायला रेनकोट घालून उतरशील का तू?”

मग त्यांनी समजावलं. हे हेल्मेट पंधरा किलोमीटरच्या वर जाण्यासाठी. तिथं हवेचा दाब जमिनीवरच्या आठव्या हिश्शाएवढा. कॉकपिटला भोक पडलं तर माणूस काही सेकंदांत शुद्ध हरपेल, म्हणून हे कडं दाबाच्या घट्ट सूटला अडकवतात आणि आत दाबानं ऑक्सिजन येतो. श्वासाची वाफ काचेवर धरू नये म्हणून काचेत विजेनं तापणाऱ्या तारा. मान वळवायची चोरी, वजन वेगळंच. खाली उतरून खिडक्या मोजत रॉकेट मारायला निघालेला माणूस हे डोक्यावर घेईल कशाला?

काका गेल्यावर मी पहिल्यांदा हेल्मेट ‘बघितलं’. तोवर मी गोष्टच बघत होतो. टॉर्च आडवी धरली. कवचावर ओरखडे भरपूर, पण ते चिन्हाच्या खालून जात होते. खरं चिन्ह वापरात झिजतं, ओरखडा त्याच्यावरून जातो. इथं आधी ओरखडे, मग चिन्ह, आणि वर वार्निशचा हात. कोपरा नखानं उचलला तर स्टिकर निघाला. मानेच्या कड्यावर रशियन अक्षरांशेजारी कानस मारलेली होती, तरी तिरक्या उजेडात १९८३ वाचता आलं. एकाहत्तरच्या लढाईत त्र्याऐंशीचं हेल्मेट.

लॉगबुकचं पान मुलीनं एका मिनिटात निकालात काढलं. ती एमपीएससीचा अभ्यास करते. म्हणाली, “पप्पा, इंग्रजीत ढाका आजच्यासारखं लिहिलंय, डी-एच-ए-के-ए. ते स्पेलिंग १९८२ ला बदललं. तेव्हा डी-ए-डबल सी-ए लिहायचे.” पान माझ्याकडे तीन आठवडे होतं. मी ते फ्रेम करायला टाकणार होतो.

वस्तू तशी खोटी नाही, हे इथं सांगायला हवं. हेल्मेट अस्सल सोव्हिएत आहे. तसंच, गोष्ट न चिकटवलेलं, एका परदेशी विक्रेत्याकडे मला नंतर चोवीस हजारांत दिसलं. त्याच्यासोबत ‘पासपोर्ट’सुद्धा होता. सोव्हिएत उड्डाणसाहित्याबरोबर क्रमांक आणि उत्पादनाची तारीख लिहिलेली पातळ पुस्तिका यायची, तिला पासपोर्ट म्हणतात. माझ्याला तो नव्हता, आणि मी मागितलाही नव्हता. वरचे चोपन्न हजार मी बाबांच्या नावाचे भरले. ‘बाबांचा हात’ ही गोष्ट त्यानं माझ्याच मेसेजवरून रचली होती. म्हणून नवीन संग्राहकांना माझी विनंती: काय हवंय ते सांगा, का हवंय ते सांगू नका. फोटोंत कडं, आतलं अस्तर आणि क्रमांक आडव्या उजेडात काढून मागा. नाव काळं केलेला कागद म्हणजे कागदच नाही असं धरा.

तक्रार केली. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावला, पण तो लगेच लावायचा असतो, पैसे वाटेत अडवता येतात तोवर. मला महिना उलटून गेला होता. लेखी तक्रार देताना समोरच्यानं विचारलं, वस्तू मिळाली ना? मग हा किमतीचा वाद. चॅट, पावत्या, स्टिकरचा तुकडा, सगळं जोडून दिलंय. बघू.

लिहायचं कारण मात्र वेगळंच. गेल्या आठवड्यात सांगलीहून एका अनोळखी माणसाचा फोन आला. त्याला कारगिलचं हेल्मेट घ्यायचं होतं, आणि विक्रेत्यानं ‘आमचे समाधानी ग्राहक’ म्हणून माझा तो काउंटरवरचा फोटो पाठवला होता. मागच्या भिंतीवर माझ्याच दुकानाचं कॅलेंडर, त्यावर माझा नंबर. भल्या माणसानं फोटो मोठा करून नंबर वाचला आणि पैसे भरण्याआधी फोन केला. मी सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला.

मग म्हणाला, “पण फोटोत तुम्ही फार खूश दिसताय हो.”

होतोच मी.