चित्र-वेळापत्रकाचा तयार संच: फळा चांगला, चित्रं जपून

चित्र-वेळापत्रक म्हणजे दिवसातली कामं क्रमानं चित्रांतून दाखवणारा फळा. फळा, त्यावर व्हेल्क्रोची उभी पट्टी, चिकटवायची चित्रकार्डं आणि खाली ‘झालं’चा खिसा, असे तयार संच विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलांसाठी मिळतात. यातला खिसा सर्वांत मोलाचा. काम संपलं की मुलानं स्वतः कार्ड काढून त्यात टाकायचं; एक संपलं, आता पुढचं, हे त्या हालचालीतूनच उमगतं. कार्डं मोठी माणसंच हलवू लागली, किंवा फळा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर नसला, तर त्याची नुसती शोभा उरते.

चित्रांबाबत मात्र निराशा होते. बहुतेक संचांत रेखाचित्रं असतात आणि बऱ्याच मुलांना ती कळत नाहीत. खरी वस्तू देऊन दोन चित्रांतून तिचं चित्र जुळवायला सांगा. चित्रांच्या जागा बदलत चार-पाचदा करून पाहा. जमलं नाही तर त्याच्याच डब्याचा, त्याच्याच वर्गाचा फोटो लावा. फोटोही कळत नसेल तर वस्तूच ठेवा: चमचा म्हणजे जेवण. घरी कार्डं करताना लॅमिनेशन मॅट घ्या, चकचकीत फिल्मवर उजेड चमकतो. कागदाबाहेर ३-४ मिलिमीटर फिल्म सोडा, नाहीतर लाळेनं कडा सुटतात. कोपरे गोल कापा.

विकत घेण्याआधी विशेष शिक्षकांना एक गोष्ट जरूर विचारा: वर्गातल्या कार्डांना व्हेल्क्रोची मऊ बाजू आहे की खरखरीत? घरी उलट असेल तर शाळेचं कार्ड घरच्या फळ्यावर बसणारच नाही. आयईपीच्या (मुलासाठी आखलेल्या वैयक्तिक शिक्षण योजनेच्या) बैठकीतच दोन्हीकडे तीच चित्रं आणि तेच शब्द ठरवून घ्या.

वेष्टनावर दिवसभराची दहा कार्डं दाखवलेली असतात. तसं करू नका. ‘आधी’ आणि ‘मग’ अशा दोनच कार्डांनी सुरुवात करा. ठरलेल्या कामाऐवजी वेगळं काही होणार हे सांगणारं ‘बदल’चं कार्ड संचात सहसा नसतं, ते स्वतः बनवा. पहिल्यांदा ते जास्तीच्या खेळासारख्या आवडत्या बदलासाठी वापरा, म्हणजे कार्ड दिसताच मूल धास्तावणार नाही.

व्हेल्क्रोचा चर्रर आवाज सोसत नसेल तर चुंबकाचा फळा मिळतो. पण वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलासाठी तो मुळीच नको: गिळलेली दोन चुंबकं आतड्याला चिमटा घेऊन भोक पाडू शकतात. अशा मुलाला कप्प्यांत सरकवायची कार्डंच बरी.